सपाट काचेवरचं बेथलेहेम

सपाट काचेच्या आत काहीतरी खोल आहे असं माणसाला भासवायचं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. बायोडेटात त्याला फ्रंट-एंड डेव्हलपर म्हणतात. बटण बोटाखाली दबल्यासारखं वाटलं, पत्त्यांतलं पान उलटावं तसा फोटो उलटून त्यामागचा मजकूर दिसला, डोंगर मागे राहिला आणि झाड पुढे आलं, तर समजायचं की माझ्यासारखी कुणीतरी बाई अंधेरीच्या एखाद्या गाळ्यात बसून दिवसभर आकड्यांशी भांडली आहे. माझी आई घाटकोपरला शेजारणींना तिच्या गावाकडच्या बोलीत सांगते, "आमचा हेमा कॉम्प्युटरार सावल्यो पाडता." इतकी अचूक व्याख्या मला नोकरी देणाऱ्या एकाही माणसाला जमलेली नाही.

थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. वेबपानावर काय काय आहे ते एका फायलीत लिहितात आणि ते कसं दिसावं ते दुसऱ्या फायलीत. नाटकात संवाद लिहिणारा वेगळा आणि नेपथ्य करणारा वेगळा, तसं. ही दुसरी फाइल म्हणजे स्टाइलशीट, आणि मी नेपथ्यवाली. आता पान तर चपटं. त्यातली एखादी वस्तू मागे ढकलायची असेल तर ब्राउझरला आधी सांगावं लागतं की बघणाऱ्याचा डोळा पानापासून किती लांब आहे. त्या अंतराला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात आणि तो निव्वळ एक आकडा असतो. तो दिला की मागे ढकललेली वस्तू आपोआप लहान होते, पुढे ओढलेली मोठी होते, तिरकी केलेली भिंत खरोखर तिरकी वाटते. मग त्यावर सावल्या. त्या सगळ्या एकाच बाजूला पडल्या पाहिजेत, कारण पानावर सूर्य एकच असतो. हे मी नवीन पोरांना इतक्या वेळा सुनावलंय की ऑफिसात माझं नाव सूर्यबाई पडलं. मला ते आवडतं, पण मी तसं दाखवत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग. मुलुंडच्या एका मिठाईवाल्यांना काजूकतलीचा डबा पानावर उघडून हवा होता. मी उघडून दिला. ते म्हणाले, "मॅडम, झाकण दारासारखं उघडतंय. डबा असा उघडतात का?" बिजागरी कुठल्या कडेला आहे हे एका ओळीत लिहायचं असतं. ती ओळ बदलली. झाकण झकास वर गेलं, मागे पडलं, आणि त्याच्या आतल्या बाजूवर दुकानाचं नाव आरशात दिसावं तसं उलटं झळकायला लागलं. पाठीमागची बाजू लपवायचीही एक ओळ असते. ती टाकेपर्यंत शेठजींनी ते पान अख्ख्या नातेवाइकांना पाठवून दिलं होतं आणि त्यांना उलटं नाव फारच आवडलं होतं. शेवटी ते तसंच ठेवलं.

बोरिवलीच्या क्लासवाल्या सरांची तऱ्हा निराळी. त्यांना प्रत्येक गोष्ट सगळ्यात पुढे हवी होती. कोण कुणाच्या पुढे हेसुद्धा आकड्यांवर ठरतं, ज्याचा आकडा मोठा तो वर. आधी गुणवंतांचे फोटो पुढे आणले, मग फोन नंबर, मग सरांचा स्वतःचा फोटो. दर खेपेला मी नऊपुढे आणखी एक नऊ जोडत गेले. शेवटी सरांचा हसरा चेहरा नेमका फोन नंबरावर जाऊन बसला आणि चौकशीचे फोनच बंद झाले. सर म्हणाले, "यंदा मुलांना शिकायचंच नाही बहुतेक."

या कामाचं एक वाईट वाटतं. सुतारानं केलेलं कपाट नातवापर्यंत टिकतं, आमचं पान दिवाळी ते दिवाळी टिकलं तरी नशीब. मालक बदलतो, फॅशन बदलते, कुणीतरी येतो आणि सगळं पुसून पांढरं करतो. मी केलेल्या चांगल्या कामांतलं निम्मंसुद्धा आज कुणाला दाखवता येणार नाही. तरी एका कामाचा विषय निघाला की मी खुर्ची पुढे ओढून बसते, तशीच आताही ओढते.

सॅव्हिओ माझा धंद्यातला भागीदार. मूळ मनोरीचा, घरात मराठी बोलणारा ख्रिस्ती, कोळ्यांच्या शेजारी वाढलेला. पानामागची यंत्रणा तो बघतो, पुढचं नेपथ्य माझं. एका नोव्हेंबरात तो जरा घुटमळत म्हणाला, "यार हेमा, एक काम आहे. माझ्या मावशीचं. तिला गोठा पाहिजे."

"गायीचा?"

"नाताळचा गं. क्रिब."

त्याच्या मावशीचं नाव फिलोमिना. मार्वेहून फेरीबोटीनं पलीकडे गेलं की जेट्टीपासून चालत जाण्याइतकं तिचं घर. तिचे यजमान पास्कलकाका दर नाताळात ओटीवर गोठा मांडायचे. नुसता गोठा नव्हे, अख्खं गाव. चिखलात बुडवलेल्या गोणपाटाचे डोंगर, ताटल्यांत उगवलेल्या नाचणीची शेतं, प्लायवूड कापून रंगवलेली घरं, आणि बेथलेहेमच्या मागे चक्क खाडी. खाडीत होड्या, होड्यांवर वाळत घातलेली जाळी. बायबलात खाडी नाही असं एका फादरनी दाखवून दिलं, तेव्हा काका म्हणाले होते, "फादर, मनोरीत हाय."

गव्हाणीत बाळयेशू ठेवायचा तो मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या प्रार्थनेला, निघायच्या आधी, आणि ठेवायचा घरातल्या सगळ्यात लहान माणसानं. तोवर गव्हाण रिकामी. त्या पावसाळ्यात काका गेले. घरातलं सगळ्यात लहान माणूस म्हणजे नात, सिएना, वय वर्षं पाच, मुक्काम कॅनडा. सॅव्हिओचा मावसभाऊ ग्लेन तिचा बाप. तो तिकडच्या हॉस्पिटलात नोकरीला, आणि त्याला सुटी मिळाली नव्हती. मावशींनी गोठ्याची पेटी माळ्यावरून काढलीच नव्हती. बाळ ठेवायला कुणी नाही, मग गाव कशाला मांडायचं, असं त्यांचं म्हणणं. सॅव्हिओनं त्यांना सांगितलं की गोठा वेबवर मांडू, सिएना तिकडून बोटानं बाळ ठेवेल आणि इकडे ते ठेवलेलं दिसेल.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मावशींनी मला न्यूरीची, म्हणजे नाताळच्या करंजीची, बशी दिली आणि अट घातली.

"बग, मला चित्र नको. चित्र क्यालेंडरवर बी असतंय. यांचा गोठा आत जायचा. पार आत. माणूस वाकून बघायचा. तसा व्हनार असंल तर कर, नायतर पेटी हाय तिथं ऱ्हाऊ दे. यंदा नाय मांडला तर पुढं बी नाय मांडायची मी."

मी तोंडात न्यूरी असतानाच हो म्हणून बसले.

आणि मग आम्हा दोघांना त्या कामाचं जे काय वेड लागलं, त्याची आठवण झाली तरी अजून हसू येतं. पेटीतली एकेक वस्तू अंगणात पांढऱ्या चादरीवर ठेवून सॅव्हिओनं तिचे फोटो काढले. काकांनी कापलेलं प्रत्येक घर, प्रत्येक मेंढरू, एक कान तुटलेलं गाढव. फोटो घेऊन मी अंधेरीला आले, पानावर रचले आणि किंचाळायचीच बाकी राहिले. यानं निम्मे फोटो सकाळी काढले होते आणि निम्मे दुपारच्या जेवणानंतर. गाढवाची सावली एकीकडे, गायीची दुसरीकडे. मी फोन लावला.

"सॅव्हिओ, तुमच्या बेथलेहेमात सूर्य किती?"

तो म्हणाला, "वाट लागली ना?"

सगळं गाव पुन्हा चादरीवर आलं. या खेपेला मी स्वतः गेले, आणि ऊन सरकलं की काम बंद. मधल्या वेळात मावशींच्या हातचं जेवून ओटीवर लोळायचं. नोकरीतल्या कुठल्याच वरिष्ठानं मला इतक्या चांगल्या सोयी दिल्या नव्हत्या.

मग खरी मजा. खाडी सगळ्यात मागे ढकलली, तिच्यापुढे डोंगर, डोंगरापुढे घरं, मग शेतं, मग खोपटं, गाय, गाढव, आणि अगदी पुढे रिकामी गव्हाण. ट्रॅकपॅडवर बोट फिरवलं की गाव त्या दिशेनं वळायचं. जवळचं भराभर सरकायचं आणि लांबचं सावकाश, खऱ्या जगात दिसतं तसं. पहिल्यांदा ते वळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून गाळ्यात दोन गिरक्या घेतल्या. शेजारच्या कुरिअरवाल्यानं काचेतून बघितलं, त्याला वाटलं लॉटरी लागली.

त्याच उत्साहात मी पर्स्पेक्टिव्हचा आकडा फारच लहान ठेवला, म्हणजे बघणाऱ्याचा डोळा गव्हाणीला जवळपास चिकटला. गाव असं काही अंगावर यायचं की बघत राहावं. मोठ्या दिमाखात लॅपटॉप मावशींपुढे ठेवला आणि बोट फिरवलं. डोंगर हिंदकळले, घरं झुकली, गाय आली ती थेट नाकावर. मावशी पटकन पायरीवर टेकल्या आणि पदरानं तोंड दाबून बसल्या. चक्कर आली होती. जन्मभर होडीत बसलेली, भर लाटांत कधी मळमळ न झालेली बाई माझ्या बेथलेहेमात गरगरली.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. "खाडीला उधान आलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि आत कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. चपट्या काचेनं माणसाला चक्कर आणणं ही काही साधी गोष्ट नाही. पण लिंबूसरबत घेतल्यावर त्या जे बोलल्या त्यानं गुदगुल्या थांबल्या. "गरगरतंय ते खोल नव्हं. खोल म्हंजे शांत ऱ्हातंय." मी परत येऊन आकडा वाढवत नेला, हालचाल कमी करत आणली, इतकी की गाव वळतंय हे बघणाऱ्याला कळण्याआधी वळून झालेलं असावं. मला स्वतःला ते आधीपेक्षा मिळमिळीत वाटत होतं. पुढच्या खेपेला मावशी बराच वेळ बघत राहिल्या. हो म्हणाल्या नाहीत, पण पेटी परत माळ्यावरही गेली नाही.

चोवीस डिसेंबरची संध्याकाळ. मनोरीला मावशींच्या ओटीवर शेजारपाजारचं मंडळ जमलं होतं. टीव्ही भिंतीवरून काढून काका गोठा मांडायचे त्या कोपऱ्यात ठेवला होता आणि त्याला माझा लॅपटॉप जोडला होता. सॅव्हिओच्या फोनवर ग्लेन, त्याची बायको आणि मांडीवर सिएना. तिकडे सकाळ, ग्लेनला कामावर निघायचं होतं. इकडे आठची मिस्सा. या दोन घाईंच्या मधल्या फटीत बाळ ठेवायचं होतं, आणि ती फट चुकली की वर्ष गेलं.

सॅव्हिओला ऐन वेळी वाटलं की बाहेर दिवस मावळतोय तर गोठ्यातही मावळावा. कल्पना सुंदर होती. त्यानं मला न सांगता माझ्या स्टाइलशीटमध्ये एक ओळ टाकली, सगळ्या गावाला एकदम अंधुक करणारी. टीव्हीवर संध्याकाळ झाली आणि त्याच क्षणी खाडी, डोंगर, घरं, गाय सगळं एकमेकांवर येऊन चिकटलं. इस्त्री फिरवल्यासारखं गाव चपटं झालं. गाय गव्हाणीवर पसरली होती.

फोनमधून सिएनाचा आवाज आला, "आजी, काऊ बाळाच्या बेडवर झोपली."

मावशींनी टीव्हीकडे बघितलं आणि त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "क्यालेंडर झालं."

सॅव्हिओचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण तेव्हा मला हसू आलं नाही. काय झालं ते मला दिसताक्षणी कळलं, आणि इथे मी थोडा भाव खाणार आहे. तुम्ही सगळ्या गावावर एकदम अंधार टाका म्हटलं की ब्राउझर आधी अख्खं गाव एका कागदावर चिकटवतो आणि मग तो कागद काळवंडतो. चिकटवलं की खोली गेली. कोण पुढे, कोण मागे, हेही मग तो फायलीत कुणाचं नाव नंतर आलंय त्यावरून ठरवतो, आणि आमच्या फायलीत गाय सगळ्यात शेवटी होती. उपाय एवढाच की दिवस गावाचा मावळवायचा नाही, प्रत्येकाचा वेगवेगळा मावळवायचा. गायीचा वेगळा, घरांचा वेगळा, होड्यांचा वेगळा.

"काढून टाक ना ती ओळ," सॅव्हिओ म्हणाला.

"नाही काढणार. संध्याकाळ छान आहे तुझी. नीट करते."

दुरुस्ती लगेच झाली, पण वर चढवायला रेंज नाही. ओटीवर वायफाय होतं ते ग्लेनच्या व्हिडिओ कॉलनं पुरतं खाल्लं होतं, आणि तो कॉल तोडायची कुणाची छाती होत नव्हती. माझ्या मोबाइलला रेंज मिळायची ती अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावर उभं राहिल्यावर. मी टीव्हीची वायर उपसली आणि लॅपटॉप घेऊन चढले. सॅव्हिओनं खालून माझी ओढणी घट्ट धरली. मावशी ओटीवरून ओरडल्या, "पडू नको गं बाय, आज फादरला दुसरं काम नको लावूस." ओटीवरच्या बायका खो खो हसायला लागल्या, सॅव्हिओ हसायला लागला, त्याच्या हातातली ओढणी हलायला लागली, आणि मी एका हातात लॅपटॉप पेलून, पोट धरावं की कळ दाबावी या विवंचनेत, आयुष्यातली सगळ्यात उंच जागेवरची दुरुस्ती वर चढवली.

उतरले, वायर जोडली. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग आधी लांबवर खाडी आली, निळसर काळोखी. तिच्यापुढे डोंगर उभे राहिले. घरं आपापल्या जागी गेली, शेतं पसरली, गाय गव्हाणीवरून उठून मागे जाऊन उभी राहिली. ओटीवर कुणीतरी "आई गं" म्हणालं. संध्याकाळ त्या गावात खरोखरची झाली होती, पुढे थोडा उजेड आणि आत आत जावं तसा अंधार.

"आता ठेव बाळा," ग्लेन म्हणाला.

कॅनडात एका पाच वर्षांच्या मुलीनं काचेवर बोट ठेवलं, आणि मनोरीत आमच्यासमोर बाळयेशू हवेतून तरंगत, जरा चुकत, एकदा मेंढराला धडकत पुढे आला. तो गव्हाणीत टेकला. त्याच्याखाली त्याची सावली पडली, बाकी सगळ्यांच्या सावल्या होत्या त्याच बाजूला. बायकांनी गाणं सुरू केलं. सॅव्हिओ चक्क रडत होता. मीही रडत होते, पण मधेमधे हसतही होते, त्यामुळे ते कुणाला ओळखू आलं नसावं.

मावशी गात नव्हत्या. त्या उठून टीव्हीच्या जवळ गेल्या आणि खाली जमिनीवर बसल्या. थोडा वेळ गव्हाणीकडे बघितलं. मग त्यांनी सावकाश मान तिरकी केली आणि डावीकडे झुकल्या. त्यांना खोपटाच्या भिंतीआड काय आहे ते बघायचं होतं. टीव्हीत काही तसं दिसत नसतं, कितीही झुकलात तरी. त्या आणखी झुकल्या, एक हात जमिनीवर टेकवून.

मी कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. ट्रॅकपॅडवर बोट ठेवलं आणि त्या झुकत होत्या त्याच वेगानं, त्याच बाजूनं, गाव वळवत नेलं. खोपटाची भिंत बाजूला सरकली, मागची घरं दिसली, घरांच्या फटीतून खाडी दिसली आणि तिच्यात नांगरलेली एक होडी.

मावशी तशाच वाकून बघत राहिल्या. मी बोट हलवलं नाही.